दुसरी डबी

उदगीरच्या शिवकन्येची बॅग कोलंबोला पोचलीच नाही. सासूने शिवलेली सगळी झबली गेली. त्यात तिथल्या विमानतळावर तपासणीचं यंत्र केकाटलं. तिकडे अनाथाश्रमात दत्तक घ्यायची लेक वाट बघत होती, अन् इकडे अधिकारी बाई शिवकन्येच्या गळ्यातल्या दोन चांदीच्या डब्यांवर अडून बसली. “यात इष्टलिंग असतं. लिंगायत माणूस ते अंगावेगळं करत नाही,” नवऱ्याने इंग्रजीत समजावलं. “मग एकीला दोन कशाला?” नवरा गोरामोरा झाला. आठवा महिना लागला, की स्वामी पोटातल्या बाळाचं इष्टलिंग आईच्या गळ्यात बांधतात. दत्तकाची मंजुरी आली तशी सासूने स्वामींना बोलावून शिवकन्येच्या गळ्यात दुसरी डबी बांधायला लावली; भावकी हसली. शिवकन्येने दुसरी डबी मुठीत धरली. “तिला सांगा, मला आठवा महिना हाय!” नवऱ्याने चाचरत सगळं सांगितलं. अधिकारी सपाट पोटाकडे, मग दत्तकाच्या फाइलीकडे बघून एकदम रांगेवर ओरडली, “सरका, बाई बाळंतपणाला निघालीय!”