पान टाकताना बोलू नये

सकाळी दहा वाजता पत्त्यांच्या स्पर्धेत नवा नियम लागू झाला : पान टाकताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आयोजकाने तो आपल्याच घरच्यांमुळे केला होता. त्याची आई प्रत्येक पानाचं नाव मोठ्याने घ्यायची आणि दरवर्षी आई-वडिलांचीच जोडी जिंकायची. "नवऱ्याला खुणा करते," अशी कुजबुज होती.

पहिल्याच डावात समोर चौकट पडली. हातात चौकट असूनही वडिलांनी बदाम टाकला. पुढच्या डावात पुन्हा तेच. जोडी बाद झाली. "आज पानंच फितूर झाली," म्हणत वडील हसले.

आयोजकाने आईला बाजूला घेतलं. "म्हणजे खुणा खऱ्या होत्या?"

"खुणा कसल्या, कपाळ! हातातली पानं दिसतात रे त्यांना. टेबलावरची दिसत नाहीत. आता चष्म्यानेही भागत नाही."

"आणि नोकरी?"

"हळू बोल. निवृत्तीला एकच वर्ष उरलंय."

संध्याकाळी सहाला स्पर्धा संपली. खेळाडू परतीच्या बसमध्ये चढले. बसचे चालक असलेले वडील आपल्या जागेवर बसले. आयोजक धावत जाऊन बससमोर दोन्ही हात वर करून उभा राहिला. तोवर इंजिन सुरू झालं होतं.