गच्चीवरचे कवडसे

खगोलप्रेमींच्या वार्षिक संमेलनात पडदा उजळला. दूरच्या धूलिमेघावरून परतलेल्या प्रकाशात चाळीस वर्षांपूर्वीची सांगलीतली गच्ची दिसू लागली. तेव्हाही संमेलनाच्या प्रथेप्रमाणे सगळे आरशांनी आकाशाकडे उन्हाचे कवडसे पाठवत होते. कुमुदताई दिवंगत पतीचा कवडसा शोधत होत्या. आरशांची रांग लखलखली, एकच जागा अंधारी राहिली.

"काकू, काकांचा आरसा चमकलाच नाही हो," संयोजक रेवती हळहळली.

तेवढ्यात रांगेसमोर एक इवलीशी ठिणगी चमकली. कुमुदताई खुदकन हसल्या.

"चमकेल कसा? आकाश सोडून माझ्या तोंडावर कवडसा मारत होते हे. नेहमीचाच चावटपणा! मी रांगेसमोरच उभी होते; ती ठिणगी म्हणजे माझा चष्मा गं."

त्यांनी पिशवीतून पतीचा तोच आरसा काढला.

"चल गच्चीवर. यांचा राहिलेला कवडसा वर पाठवू."