ढकलली गेली

“इंग्रजीतच लिवा, बाई. पण मी सांगतो तसंच.”

शालूनं म्हाताऱ्याला उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. अनोळखी माणसाला घरात घ्यायचं नाही, असं नवऱ्यानं बजावलं होतं. हा हुपरीचा चांदीकाम करणारा. काळी पडलेली जाड बोटं सारखी उंबऱ्याच्या आत येत होती. शालूनं डाव्या हातातली पाळण्याची दोरी सोडली नाही.

“सांगा अर्जाचा मजकूर.”

“माझ्या लेकीला, चिमणाला, तिच्या नवऱ्यानं हिरीत ढकलून मारलं. बहात्तरच्या दुष्काळात. हिरीत थेंब न्हवता, आन् म्हणं पाणी शेंदाय गेलती.”

पेन थांबलं. घड्याळात सहाला पाच कमी. सहाला नवरा येईल. तोवर निभवायचं.

‘इन’ नाही, ‘इन्टू’. कॉलेजात ह्यावर तिचा मार्क गेला होता. तिनं जपून लिहिलं, ‘माय डॉटर वॉज पुश्ड इन्टू द वेल.’

“वाचा की. मराठीत.”

“माझी मुलगी विहिरीत ढकलली गेली.”

“ह्यात ढकलणारा कुठं हाय?”

“इंग्रजीत असं चालतं, बाबा.”

“चालतंय म्हणूनच त्यो मोकळा फिरतोय!” आवाज चढला, तसं बाळ दचकून रडायला लागलं. “कोर्टाम्होरच्या लिवणाऱ्यानं तर ‘पडली’ म्हणून लिवलं. अंगठा माझाच. मला वाचाय येतंय व्हय? साहेबानं अर्ज वाचला आन् म्हणाला, पडली तर पडली.”

दोरी ओढत शालूनं ओळ खोडली. ‘माय डॉटर्स हजबंड पुश्ड हर इन्टू द वेल अँड किल्ड हर.’ व्याकरणात आता बोट ठेवायला जागा नव्हती. तिच्या अंगावर मात्र काटा आला.

“कुठं असतो हा माणूस?”

“हितंच की. कोल्हापुरात.”

शालूनं पदर घट्ट आवळून घेतला. असल्या माणसाच्या भांडणात आपलं अक्षर कशाला? म्हाताऱ्याला लवकर वाटेला लावलेलं बरं.

बोळात सायकलची घंटी वाजली. ओळखीची. तिचा जीव भांड्यात पडला.

“आमचे हे आलेच. चटकन सांगा, जावयाचं नाव काय लिहू?”

म्हाताऱ्यानं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. तो पाळण्याकडं बघत होता.

“ते नाव तुमी तोंडानं घेत न्हाईसा, बाई,” तो हळू म्हणाला. “नुसतं लिवा.”