सात सवती

इस्पितळात अकरा दिवस मास्तरांचा जीव कपाटाच्या खणात अडकला होता. तिथे त्यांनी आयुष्यभर शोधून जमवलेली सोन्याची सात जुनी मनगटी घड्याळं होती. रोज सकाळी ते स्वतः किल्ली द्यायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बायको तर घड्याळांना सवतीच म्हणायची. सगळी बंद पडून आतलं तेल थिजलं असणार, असं मनाशी धरूनच घरी येताच त्यांनी थेट खण ओढला. सातही टिकटिकत होती, अगदी ते दुर्मिळ अष्टकोनीसुद्धा. त्याची किल्ली उलटी फिरवावी लागते, हे मास्तरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते मागे उभ्या असलेल्या बायकोकडे वळले. "तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. "तीस वर्षं रोज तुमच्या मागून बघतेय की," बायको पाण्याचा पेला पुढे करत म्हणाली. "आणि सवती झाल्या म्हणून काय त्यांना उपाशी ठेवायचं?"