बांगडीतली पिन

खांडबाऱ्याच्या पहिल्या पंक बँडचे फोटो स्वप्नाली सुरुवातीपासून काढत होती. पोस्टरसाठी गायक हेमकांत फाटका शर्ट घालून किंचाळत होता, तेवढ्यात त्याची आई दगूबाई डबा घेऊन आली. "फाटेल सदरा घालीसन फोटू काढस का रे? लोके काय म्हनतीन?" बांगडीतली पिन काढून तिने छातीवरची चीर सांधली. जगावर ओरडणारा हेमकांत मान खाली घालून उभा राहिला. स्वप्नालीने तेव्हाच बटण दाबलं. "ताई, हाऊ फोटू पुसी टाक, पोरे हासतीन," हेमकांत म्हणाला. तिने फोटो त्याच्यासमोर धरला. आजवरच्या फोटोंत तो ओरडत होता. या एकात ऐकत होता. "ऱ्हाऊ दे," तो पुटपुटला. तोच फोटो पोस्टरवर लागला. पुढच्या कार्यक्रमाला पोरं फाटक्या शर्टांवर पिना मिरवत आली. "पिना इतल्या, तरी फाटेल तसंच शे!" म्हणत दगूबाई बांगड्या चाचपू लागली.