एका टकटकीत

“बाबा, एका टकटकीत दार कसं उघडता हो? दाराला कान लावून बसता की काय?” “बाबांना विचारून दाखव,” अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी विचारलंच.

बाबा हसले नाहीत. “नौदलातली सवय,” म्हणाले आणि आत गेले.

“खपली काढू नकोस,” आईने दटावलं. पण मी कुठली गप्प बसते! नौदलाच्या दप्तरखान्यात अर्ज ठोकला. दोन महिन्यांनी बाबांच्या जहाजाच्या युद्धातल्या नोंदवहीची प्रत आली. पाण्याखालचे आवाज कानाला हेडफोन लावून टिपायचे, हे बाबांचं काम. अक्षर त्यांचंच.

“बुडालेल्या आपल्या पाणबुडीतून टकटक ऐकू येते. माणसं जिवंत आहेत.”

दर पंधरा मिनिटांनी तीच नोंद. दोन दिवस. मधूनमधून, “मदत पोचलेली नाही.” मग एकदाच, “टकटक थांबली.”

त्यापुढच्या पाच पानांवर मात्र त्याच अक्षरात एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता. “ऐकतोय.” “ऐकतोय.” “ऐकतोय.”

मी कागद मिटले, बाहेर आले आणि दोघांनाही सांगून टाकलं, “आजपासून मी दार वाजवणार नाही. खालच्या पायरीपासूनच ओरडत येणार, बाबा, मी आले!”