जिभेची सोनोग्राफी

"शी! हा कोणाचा शेंबूड फासतेस गं माझ्या अंगाला?"

डॉक्टर हसली. ज्ञानदा तिचं नाव, रेजिनाबायच्या नातीच्या वयाची. "जेल आहे आजी. पुसलं की जातं."

रेजिनाबायने मुरडलेलं नाक तसंच ठेवलं. सकाळपासून तिला एकेका गोष्टीची किळस येत होती. बाहेर बाकावर पोटुशा बायकांच्या रांगेत तिला ताटकळत बसवलं. समोर भिंतीवर पाटी होती, पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे इथे सांगत नाहीत. तिने ती एकेक अक्षर जुळवत वाचली आणि सुनेला म्हणाली, "विचार बाई, माझं तरी सांगतील का." शेजारची एकही बाई हसली नाही. ती काय बोलली हे कोणाला कळलंच नव्हतं. तोंडात पानाचा तोबरा धरून बोलावं तसं झालं होतं तिचं बोलणं; जवळून कान दिला तरच उमगायचं.

त्या बोलण्यापायीच ती इथे आली होती. मे महिन्यात गिरीज गावातल्या क्रूसापाशी रोज संध्याकाळी सगळे माळेच्या प्रार्थनेला जमायचे, आणि प्रार्थना सांगायची ती रेजिनाबायनेच. दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. यंदा मध्येच तिची जीभ घसरली. पुन्हा सावरली, पुन्हा घसरली. शेजारच्या रोवेनाने सगळ्यांदेखत नाकाला रुमाल लावला. "बायने आज लवकर घेतलेली दिसते." झालं. दुसऱ्या दिवसापासून माळ रोवेनाच्या हातात. सणावाराला, लग्नाकार्याला गिरीजमध्ये कोण घोटभर घेत नाही? पण क्रूसापुढे पिऊन उभी राहणारी बाई, असं तिला म्हणावं, आणि तेही रोवेनाने!

घरात कोणी तोंडाने काही बोललं नाही. मुलाने, डेन्झिलने, कपाटातली बाटली गुपचूप हलवली. सून ज्युली शाळेत मास्तरीण, तिची रीत आणखी सभ्य. पदर सारखा करायच्या निमित्ताने ती सासूच्या तोंडाशी वाकायची आणि हळूच हुंगायची. रेजिनाबायला सगळं कळायचं. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरने हातोडीने गुडघे ठोकून पाहिले, आणि स्नायूंची सोनोग्राफी लिहून दिली.

"हात ढिला सोडा आजी. अजिबात हलवू नका."

दंडावर यंत्र टेकलं. पडद्यावर राखाडी पट्टे उमटले. त्यात टचकन काहीतरी उडालं. मग त्याच्या शेजारी. मग पार खाली. कळंबच्या कोळणीच्या टोपलीतली कोळंबी कशी, मेली म्हणावी तर मध्येच एखादी उडी मारते, तसं.

रेजिनाबायला शिसारी आली. "किडे पडलेत माझ्यात?"

"किडे नाहीत, स्नायू फडफडतोय."

"मी हलवत नाही हो."

"माहीत आहे मला, आजी."

यंत्र मांडीवर आलं. तिथेही तेच. डॉक्टरच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कळलं नाही. तिने जेलचा थंडगार गोळा हनुवटीखाली लावला. "आता जीभ खाली टेकवा आणि निवांत ठेवा."

"आईंची जीभ आणि निवांत!" ज्युली कोपऱ्यातून पुटपुटली.

रेजिनाबायने जीभ दगडासारखी ठेवली. पडद्यावर ती नाचत होती.

ज्युली पुढे सरकली. "डॉक्टर, एक विचारू? आई थोडी... घेतात. त्याने तर नसेल?"

हनुवटीखाली यंत्र दाबलेलं होतं म्हणून ज्युली वाचली.

"घोटभर दारूने असं होत नाही," डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तिने जीभ अडखळेल, उतरली की सुधारेल. हे वेगळं आहे. दंड, मांडी, जीभ, सगळीकडे आहे. नुसत्या चित्रावरून ठरत नाही. नसांची तपासणी होईल, मग मोठे डॉक्टर सांगतील. पण स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच सुकत चालल्यात, असं दिसतंय."

"मग त्या... परत ताज्या होतात ना?"

डॉक्टर कागदी रुमाल शोधू लागली. डबा तिच्या समोरच होता.

ज्युली स्टूल ओढून बसली.

रेजिनाबायला दोन्ही गोष्टी कळल्या, हे दारूचं नाही आणि हे बरं होणारं नाही. त्यातली पहिली तिने आधी उचलली. तिने डॉक्टरचं मनगट पकडलं, अशी पकड की निसटून निसटून जात होती. "तो टीव्ही बंद करू नको. रोवेनाला बोलव इथे. तिला दाखव. साऱ्या गावाला दाखव. दारू नाही म्हणून सांग."

डॉक्टरने ज्युलीकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

घाईत शब्द एकात एक गेले होते, ज्युलीलाही काही उमजलं नव्हतं. ती डोळे पुसत उठली, जवळ आली, आणि नेहमीसारखी सासूच्या तोंडाशी वाकली.

रेजिनाबायने छातीभर श्वास घेतला आणि तो सगळाच्या सगळा सुनेच्या तोंडावर सोडला.

"हुंग!"

हा शब्द स्वच्छ आला.

ज्युलीने तोंड फिरवलं नाही. डोळे मिटून ती तशीच वाकून राहिली. रेजिनाबायच्या हनुवटीवरचं जेल ओघळत ओघळत तिच्याच गळ्यातल्या क्रूसापर्यंत गेलं.